केगमधली घरची बीअर गुरुवारी नितळ, रविवारी गढूळ. असं का?

फेसबहाद्दर (धागाकर्ते) | सोमवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज अडलंय म्हणून लिहितोय.

माझा मेहुणा पोर्टलँडला असतो, अमेरिकेतल्या. त्याला घरी बीअर करायचा नाद आहे. तिकडे ते कायदेशीर आहे हे आधीच सांगून ठेवतो. आधी तो बाटल्या भरायचा, पण एका खेपेला एकोणीस लिटर म्हणजे साडेसहाशे मिलीच्या एकोणतीस बाटल्या, त्या धुवा, उकळा, मोजून साखर घाला, बुचं मारा, या सगळ्याला कंटाळून त्याने दोन जुने स्टीलचे केग, म्हणजे दाबाखाली पेय ठेवायची पिंपं घेतली, ते पूर्वी कोल्ड्रिंकवाले वापरायचे ते. बंद पडलेल्या आइस्क्रीमच्या दुकानातला आडवा डीप फ्रीजर घेतला, त्याला बाहेरून टेंपरेचर कंट्रोलर लावून ३ डिग्रीवर ठेवला, शेजारी सीओटूचा सिलिंडर, झाकणाखाली लाकडी चौकट करून त्यात नळ. दिसायला झकास.

बीअर साधी ब्लाँड एल, म्हणजे फिकट सोनेरी, यीस्ट यूएस-०५ नावाच्या जातीचं. आता गंमत बघा. केग भरून दहा दिवस झाले, गुरुवारी रात्री ग्लास काढला तर पलीकडे पेपरातलं शब्दकोडं वाचता येत होतं. खोटं नाही, उभे ७ सोडवलं. रविवारी मित्र आले, तोच केग, तोच नळ, आणि ग्लासात उसाचा रस. परत बुधवार-गुरुवारपर्यंत निवळली. पुढच्या रविवारी परत रस. असे तीन रविवार झाले. मित्र आता सरळ विचारतात, लिंबू-आलं घालून देतोस का म्हणून.

काय होत असेल? जिलेटिन वगैरे घालावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सदाशिव_पेठी | सोमवार, रात्री १०:१९

रविवारी पाहुणे येतात हे बीअरला कळलंय. दुसरा ग्लास कोणी मागू नये म्हणून ती गढूळ होते. अस्सल पुणेरी बीअर आहे, निवळायची नाही, उलट जपा.

आंबोळी | सोमवार, रात्री १०:३१

हा हा पेठी. बाकी मला बीअरमधलं काही कळत नाही, पण उभे ७ काय होतं?

मुंढव्याचा_मुकादम | सोमवार, रात्री ११:०५

नऊ वर्षं ब्रूअरीत टाक्या घासतोय त्यामुळे जरा लांबण लावतो, सांभाळून घ्या.

'गढूळ' हा एक आजार नाही, चार-पाच वेगळे आजार आहेत आणि प्रत्येकाचं औषध वेगळं. आधी निदान करा. एक, तरंगणारं यीस्ट. दोन, चिल हेझ म्हणजे माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेल्या धान्यातली प्रथिनं आणि हॉप्स म्हणजे कडवटपणासाठी घालतात त्या फुलांतले व माल्टच्या सालातले पॉलिफेनॉल, म्हणजे तुरट द्रव्यं, थंडीत एकमेकांना चिकटतात, त्याचं धुकं दिसतं, बीअर गरम झाली की ते विरघळून जातं. तीन, स्टार्च. मॅश म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवणं नीट झालं नाही तर पिठूळपणा राहतो आणि तो कितीही महिने ठेवलात तरी खाली बसत नाही. चार, जंतू शिरलेत. पाच, नळी नाहीतर नळ घाण आहे.

मेहुण्याला सांगा, एक गढूळ ग्लास काढून ओट्यावर तासभर ठेव. खोलीच्या तापमानाला आल्यावर स्वच्छ झाला तर चिल हेझ. नाही झाला तर तोच ग्लास झाकून रात्रभर फ्रीजमध्ये ठेव आणि सकाळी बुडाला काय बसलंय ते बघ. वास आणि चवही सांगा. दही, व्हिनेगर, गोठा यातलं काही आठवत असेल तर मला केग फेकून द्यावासा वाटेल पण मी सांगणार नाही.

कोकणकडा | सोमवार, रात्री ११:२०

मुकादम साहेब, कोपरापासून नमस्कार. वाचनखूण साठवली.

बिनपाण्याचा | मंगळवार, सकाळी ८:०२

पण मी म्हणतो गढूळ असली तर बिघडलं काय? पुण्यात नळाची बीअर म्हणजे काय हे अर्ध्या लोकांना कळलं ते गव्हाच्या बीअरवर, आणि ती गढूळच असते. जर्मन लोक तिला हेफेवायझन म्हणतात, त्यातलं हेफे म्हणजेच यीस्ट, नावातच गाळ आहे. हल्ली ते न्यू इंग्लंडवाले त्यांची आयपीए जातीची बीअर तर मुद्दाम संत्र्याच्या रसासारखी करतात. नितळपणाचं खूळ हे काचेच्या ग्लासामुळे आलं. मातीच्या आणि कथलाच्या मगातून पीत होते तोवर कोण बघत होतं आत?

मुंढव्याचा_मुकादम | मंगळवार, सकाळी ९:१५

बिनपाण्याचा, अर्धं बरोबर. १८४२ मध्ये बोहेमियातल्या (आताचं चेकिया) प्लझेन्यात योसेफ ग्रोल या बीअर करणाऱ्याने ती सोनेरी पिल्सनर काढली आणि पुढे काचेचे ग्लास स्वस्त होत गेले, दोघांनी एकमेकांना मोठं केलं. पण यांची बीअर गव्हाची नाही, ब्लाँड एल आहे. तिच्यात यीस्ट तरंगत असेल तर चवीत पिठासारखा, जुन्या पावासारखा कडवटपणा येतो आणि पोटाची अवस्था वेगळीच. गव्हाच्या बीअरला जी लवंग-केळ्याची चव असते ती त्या जातीच्या यीस्टची, गढूळपणाची नाही. गढूळ म्हणजे ताजी आणि गावठी म्हणजे आरोग्याची, हा एक नवाच समज पसरलाय.

बिनपाण्याचा | मंगळवार, सकाळी ९:२२

बरं बाबा. पण गावठीला नावं ठेवू नका.

तुळस | मंगळवार, सकाळी ११:४०

धागाकर्त्यांनी जिलेटिनचं विचारलंय म्हणून. जिलेटिन म्हणजे जनावरांची हाडं-कातडी, हे मित्रांना सांगून पाजता का? आमच्या घरात दोन जण बीअर पितात पण शाकाहारी आहेत, त्यांना हे कळलं तर आतापर्यंतचं सगळं पाप एकदम आठवेल. दुसरं काही नाही का, चायना ग्रास वगैरे?

कोकणकडा | मंगळवार, दुपारी १२:१०

तुळसताई, जिलेटिन तरी बरं. इंग्लंडात पिंपातल्या एलला पारंपरिक म्हणून जे घालतात ते आयझिंग्लास, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी वाळवून केलेलं. आपल्याकडे घोळ माशाचं 'भोत' म्हणतात ना, तोच अवयव. कोळ्याच्या जाळ्यात घोळ आला तर लॉटरी लागल्यासारखी बातमी होते ती त्या भोतापायीच. अर्थात ते बहुतेक परदेशात सूप आणि औषधाला जातं. गिनेस या आयरिश बीअर कंपनीनेही २०१५ मध्ये जाहीर केलं की आम्ही आयझिंग्लास बंद करतोय, तोवर कित्येक शाकाहारी निवांत पीत होते.

तुळस | मंगळवार, दुपारी १२:१४

मी हे घरी वाचून दाखवणार नाही.

हिशेबनीस | मंगळवार, दुपारी १:३०

आजी पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आलं की हंड्यात तुरटी फिरवायची, तासाभरात साका खाली. तिच्या माहेरी निवळीच्या बिया उगाळून घालायचे. बीअरमध्ये तुरटी का नाही चालत? सिरीयस प्रश्न आहे.

सूक्ष्मजीव | मंगळवार, दुपारी २:५५

प्रश्न चांगला आहे. तुरटी आणि जिलेटिन, दोघांचं गणित एकाच घरातलं. गाळाच्या कणांवर एकाच जातीचा विद्युतभार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात. त्यांच्यावर उलटा भार असलेलं काही घातलं की गुठळ्या होतात. यीस्टच्या पेशीवर ऋण भार, बीअरच्या आंबटपणात जिलेटिनवर धन भार, दोघं चिकटतात आणि जड होऊन खाली बसतात. कण किती वेगाने बसतो ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं, म्हणजे गुठळी दहापट मोठी तर शंभरपट लवकर. तुरटीने गाळ बसेलही, पण तोंड असं तुरट पडेल की पुढचा ग्लास दाढी केल्यावर गालाला लावावा लागेल.

तुळस, आगर म्हणजे चायना ग्रास काही जण वापरतात, चालतं, पण तो नीट विरघळायला उकळावा लागतो. उकळताना शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत घालतात ते आयरिश मॉस समुद्री शेवाळच आहे, ते प्रथिनं पकडतं, यीस्ट नाही. तयार बीअरसाठी पातळ सिलिका मिळते, ती पूर्ण शाकाहारी.

आणि यीस्टच्या जातीवरही बरंच आहे. एस-०४ ही इंग्लिश जात खाली बसून सिमेंटसारखी घट्ट होते. यूएस-०५ उशिरा बसते, आणि बसली तरी तिचा थर सैल असतो, धक्का लागला की उठते. हे वाक्य लक्षात ठेवा, मला यात काहीतरी दिसतंय.

फेसबहाद्दर | मंगळवार, रात्री ९:५०

सर्वांचे आभार, एवढे प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं.

मुकादम, काल रात्री मेहुण्याने प्रयोग केला. रविवारचा एक ग्लास झाकून ठेवलेला होताच. बाहेर दीड तास ठेवला, तसाच गढूळ. मग रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी वरचं सोन्यासारखं नितळ आणि बुडाला फिकट बदामी रंगाचा गुळगुळीत थर, ग्लास तिरका केला की धुराची वेटोळी उठावीत तसा वर येतो. वासाला काही नाही, ताज्या पावासारखा. आंबट नाही.

नळी दर दोन आठवड्यांनी कॉस्टिकवाल्या पावडरीने धुतो. धुतो म्हणजे मेहुणा.

एक राहिलं. गुरुवारी सकाळी तीन-चार तास लाईट नसते, तेव्हा फ्रीजर बंद असतो पण आम्ही झाकण उघडत नाही, तापमान जेमतेम ५ पर्यंत जातं. त्याचा संबंध असेल का?

बीव्हर्टनचा_बाळू | मंगळवार, रात्री १०:०३

दादा, मी पोर्टलँडपासून पंधरा मिनिटांवर राहतो, अकरा वर्षं झाली. इकडे गुरुवारी लाईट जाते ही बातमी मला आत्ता कळली.

सदाशिव_पेठी | मंगळवार, रात्री १०:०४

😂😂😂 पोर्टलँड बुद्रुक.

हिशेबनीस | मंगळवार, रात्री १०:०६

पोर्टलँड, सिंहगड रोड. गुरुवारी पाणी पण बंद असतं का हो मेहुण्याकडे?

फेसबहाद्दर | मंगळवार, रात्री १०:१५

तिकडे जुनी वस्ती आहे. असो. मूळ मुद्द्यावर या.

पुढची_तारीख | मंगळवार, रात्री ११:१०

रसभंग करतो, पण कोणीतरी लिहायलाच हवं, नाहीतर उद्या कोणी हा धागा वाचून उत्साहाने पातेलं चढवेल. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९. परवान्याशिवाय मद्य तयार करायला बंदी आहे आणि बीअर मद्यातच येते. 'विकत नाही, घरापुरती केली' हे उत्तर होत नाही. मुळात प्यायलाही परवाना लागतो, तो किती जण काढतात हा वेगळा धागा होईल. त्यामुळे मेहुणा पोर्टलँडलाच असू द्या. तिथेच सुखी आहे तो.

बीव्हर्टनचा_बाळू | मंगळवार, रात्री ११:३५

तारीख यांना अनुमोदन. आमच्याकडे १९७८ मध्ये जिमी कार्टरच्या सहीने घरी करायची मोकळीक मिळाली. एक सज्ञान माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर घराला २००. दोनशे म्हणजे साधारण ७५७ लिटर, विकायची नाही. लग्न झाल्यावर माझा कोटा दुप्पट झाला, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.

माझ्याकडे तसेच केग आहेत. त्यात बीअर जाते ती बुडापासून, आतली डिप ट्यूब तळाला टेकलेली असते, म्हणजे गाळ पहिला तुमच्या ग्लासात. म्हणून पहिले एक-दोन ग्लास सिंकमध्ये. काही जण ट्यूब तळापासून इंचभर कापतात. मी तरंगती लावली, सिलिकॉनची नळी आणि टोकाला स्टीलचा गोळा, ती कायम वरची बीअर ओढते.

संपादक | बुधवार, सकाळी ७:३०

धागा चर्चेपुरता सुरू ठेवत आहोत. सदस्यांनी आपापल्या ठिकाणचा कायदा पाळावा. कुठे काय मिळतं त्याचे पत्ते देऊ-मागू नयेत.

नवशिका_नाना | बुधवार, सकाळी ८:१०

मी फक्त जिंजर एल करतो, सोडा मारून, बिनअल्कोहोल, त्यामुळे तारीखसाहेब शांत राहा. माझं गढूळपणाचं नाही, फेसाचं दुखणं आहे. गॅसचा दाब ठरवणारा रेग्युलेटर १२ वर आहे आणि ग्लासात तीन बोटं पेय, बाकी साबण. काय करू?

बीव्हर्टनचा_बाळू | बुधवार, सकाळी ८:४०

नळी किती लांब?

नवशिका_नाना | बुधवार, सकाळी ८:४४

वीतभर.

बीव्हर्टनचा_बाळू | बुधवार, सकाळी ८:५२

नाना 🙏. वीतभर नळीला १२ पीएसआय (दाबाचं माप) म्हणजे अग्निशामक दल. आतून साधारण पाच मिलीमीटरची बारीक नळी घ्या आणि तीन मीटर तरी ठेवा, वेटोळं करून आत फ्रीजमध्येच. नळीच्या घर्षणात दाब मरतो आणि पेय सावकाश येतं. १०-१२ पीएसआय आणि ३-४ डिग्री हे बीअरचं जमलेलं लग्न आहे, दाब कमी करून फेस मोडायला गेलात तर आठवड्यात पेय पांचट होईल. नळ बाहेर उन्हात तापत असेल तर पहिला ग्लास फेसच, मे महिन्यात पुण्यात तर विचारू नका.

आंबोळी | बुधवार, दुपारी १२:२०

मी सगळं वाचलं, काही कळलं आणि काही नाही. पण मला एक साधी शंका. ताक घुसळून ठेवलं की दोन तासांनी वर निवळ येते. ती ढवळली तरच जाते, आपोआप जात नाही. सूक्ष्मजीव पण म्हणाले की धक्का लागला की उठते. मग दर आठवड्याला ती बीअर ढवळतंय कोण? गुरुवार ते रविवार या मधल्या दिवसांत त्या फ्रीजरशी काय होतं, हे धागाकर्ते सांगतील का?

मुंढव्याचा_मुकादम | बुधवार, दुपारी १:०५

आंबोळीताई, आम्ही पाचशे लिटरच्या टाकीजवळ उभं राहून जे विचारलं नाही ते तुम्ही ताकाच्या भांड्याजवळ विचारलंत.

मी मनात जंतूंवर पैसे लावले होते, पण यांचा ग्लासातला प्रयोग सरळ सांगतोय की हे यीस्टच आहे, आणि जंतूंना वार कळत नाही. लाईटचं म्हणाल तर गुरुवारी सकाळी लाईट जाऊन गुरुवारी रात्री बीअर नितळच आहे, मग तो आरोपी सुटला. मग शुक्रवार-शनिवारी केग हलतोय. बोला फेसबहाद्दर.

फेसबहाद्दर | बुधवार, दुपारी १:४०

कोणी हात लावत नाही हो. मी स्वतः सगळ्यांना सांगून ठेवलंय. सिलिंडर बदलायचा असेल तरी मी शुक्रवारी रात्री उशिरा, हळू, केगला न हलवता करतो. आई, बायको, मुलगा, कोणीही नाही.

सदाशिव_पेठी | बुधवार, दुपारी १:४२

'मी स्वतः'. 'आई'. मेहुणा बिचारा बेघर झाला.

आंबोळी | बुधवार, दुपारी १:५०

कामाला कोणी येतं का?

हिशेबनीस | बुधवार, दुपारी ३:१५

धागाकर्ते दीड तास गायब. पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

सूक्ष्मजीव | बुधवार, दुपारी ४:००

तोवर अवांतर: पाण्यात कॅल्शियम कमी असेल तरी यीस्ट नीट गोळा होत नाही. खडकवासल्याचं पाणी मुळात हलकं, टँकर आणि बोअरचं जड, त्यामुळे एकाच सोसायटीत दोन महिन्यांत दोन वेगळ्या बीअर होऊ शकतात. लिटरला पन्नासेक मिलीग्राम कॅल्शियम असावं म्हणतात, त्यासाठी थोडं जिप्सम घालतात. पोर्टलँडचं पाणीही डोंगरातलं, हलकंच आहे, त्यामुळे हा सल्ला दोन्हीकडे लागू.

फेसबहाद्दर | बुधवार, रात्री १०:३०

सापडलं. आंबोळीताई, तुमचे पाय कुठे आहेत?

संध्याकाळी घरी आल्यावर आईला सहज विचारलं की शनिवारी फ्रीजरला कोणी हात लावतं का. ती म्हणाली, हात कसला, मावशी आतून पुसतात ना दर शनिवारी, पाणी साठतं किती. झालं काय, या पावसाळ्यात फ्रीजरच्या तळाशी दमट हवेचं पाणी साचायला लागलं, जून संपताना एकदा वास आला म्हणून आईनेच मावशींना सांगितलं होतं. आणि मावशी कामाला चोख. मी म्हणालो, पण केग किती जड आहे, त्या कशा उचलतात? तर उचलत नाहीत. काठ धरून एका कडेवर तिरका करायचा, खाली फडकं फिरवायचं, मग गोल फिरवत फिरवत दुसऱ्या कोपऱ्यात न्यायचा, तिकडची जागा पुसायची आणि परत गोल फिरवत जागेवर. आईने मला हवेत हात फिरवून दाखवलं. गॅसचा सिलिंडर स्वयंपाकघरात नेतात ना, तस्सा. भरलेला केग चोवीस-पंचवीस किलो, पण निम्मा रिकामा झाल्यावर काहीच नाही.

आणि सगळ्यात कहर म्हणजे नळी ताणली जाऊ नये म्हणून त्या जाताना केग एकदा घड्याळाच्या दिशेने आणि येताना उलटा फिरवतात. म्हणजे ढवळायचं ते दोन्ही बाजूंनी.

मला त्यांच्यावर चिडताही येईना. माझ्या घरातलं एवढं काळजीपूर्वक काम दुसरं कोणी करत नाही.

सदाशिव_पेठी | बुधवार, रात्री १०:३३

पोर्टलँडच्या मावशी!! धागा इथेच फ्रेम करून लावा.

कोकणकडा | बुधवार, रात्री १०:४१

दोन्ही बाजूंनी 😂😂 हसून हसून ठसका लागला.

मुंढव्याचा_मुकादम | बुधवार, रात्री ११:१५

नऊ वर्षांत ऐकलेलं सर्वोत्तम निदान. आमच्याकडे नवीन पोरगं टाकीला शिडी टेकवतं तेव्हा मी ओरडतो, त्यांना वाटतं म्हातारा सटकलाय. आता हाच धागा वाचायला देईन.

आता औषध. मेहुण्याकडे दोन केग आहेत ना? मग सोपं आहे. पहिल्या केगात बीअर थंडीत पडू द्या, १-२ डिग्री, आठवडाभर, आणि त्या शनिवारी मावशींना सुट्टी. दुसरा केग धुऊन, जंतुनाशकाने काठोकाठ भरून ते सगळं सीओटूच्या दाबाने बाहेर ढकलायचं, म्हणजे आत हवा राहत नाही, फक्त गॅस. मग बीअरच्या तोंडापासून बीअरच्या तोंडाला नळी जोडायची, पहिल्याला किंचित जास्त दाब आणि दुसऱ्यातला गॅस हळूहळू सोडायचा. आधीचा एक ग्लास गाळ वेगळा काढून टाका, मग जोडा. बीअर तळातून वर भरत जाते. पहिल्या केगमधून 'फुस्स' व्हायच्या आधी थांबायचं, शेवटचा अर्धा-पाऊण लिटर त्यागावा लागेल. रडू नका. दुसऱ्या केगात गाळच नसेल तर मावशींनी त्याची फुगडी घातली तरी फरक पडत नाही.

घाई करून हे झाकण उघडून, ओतून करू नका. नितळ होईल पण आठवड्यात पुठ्ठ्याची चव येईल, हवा लागली की संपलं.

बिनपाण्याचा | बुधवार, रात्री ११:२५

म्हणजे तरंगत्या नळीने भागणार नाही?

बीव्हर्टनचा_बाळू | गुरुवार, सकाळी ६:५०

गाळ तळाशी स्वस्थ असेल तर भागतं, माझं भागतं, माझ्याकडे मावशी नाहीत. दोन्ही बाजूंनी घुसळल्यावर वर काय आणि खाली काय. शिवाय फ्रीजरमध्ये ओल शोषणारा तो डबा ठेवा, दाण्यांचा. दर दोन-तीन आठवड्यांनी तापवून वाळवला की परत चालतो.

तुळस | गुरुवार, सकाळी १०:१०

म्हणजे शेवटी जिलेटिन घालायचं की नाही? माझा प्रश्न राहूनच गेला सगळ्या गडबडीत.

मुंढव्याचा_मुकादम | गुरुवार, सकाळी १०:४५

ताई, यांना नको. जिलेटिन घाईचं औषध आहे. बीअर आधी थंड करायची, अर्धा चमचा जिलेटिन वाटीभर पाण्यात, ६५-७० डिग्रीपर्यंत तापवून, उकळायचं नाही, ते ओतलं की दोन दिवसांत निवळते. जे काम त्याने दोन दिवसांत होतं ते नुसत्या थंडीने दोन-तीन आठवड्यांत होतं, फुकट. जर्मन भाषेत लागर्न म्हणजे साठवून ठेवणं, लागर हे नाव त्यावरूनच आलं. आणि यांची बीअर तर दर गुरुवारी स्वतःहून निवळून दाखवत होती. तिला औषध कशाला?

तुळस | गुरुवार, सकाळी १०:५०

बरं वाटलं. हे वाचून दाखवेन.

नवशिका_नाना | शनिवार, संध्याकाळी ७:२०

बाळूभाऊ, तीन मीटर नळी लावली. पहिल्यांदाच ग्लासभर पेय आणि वर दोन बोटं फेस. नात म्हणाली आजोबा हे दुकानातल्यासारखं आहे. काय लिहू.

फेसबहाद्दर | रविवार, रात्री ११:४०

अपडेट. शुक्रवारी रात्री मुकादमांनी सांगितल्याप्रमाणे दुसऱ्या केगात ढकलली. पाऊण लिटर टाकून दिली, हात थरथरला. शनिवारी मावशी आल्या, मी मुद्दाम ऑफिसचं काम काढून घरीच बसलो. त्यांनी नेहमीप्रमाणे केग तिरका केला, घुमवला, पुसलं, परत घुमवला. मी तिथेच उभा होतो, श्वास रोखून. त्या म्हणाल्या, दादा काही हवंय का. म्हटलं नाही, चालू द्या.

आज मित्र आले. ग्लास खिडकीसमोर धरला तर समोरच्या बिल्डिंगच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे मोजता येत होते. चौघांनीही आधी ग्लास वर धरून बघितला, मग प्यायले. एक जण म्हणाला, बाहेरून आणलीस ना? इतका अपमान आणि इतका आनंद एकदम कधी झाला नव्हता.

हे सगळं मेहुण्याने कळवलंय, अर्थात.

आंबोळीताई, उभे ७ होतं 'साका'.

बीव्हर्टनचा_बाळू | सोमवार, सकाळी ७:०५

अभिनंदन! मेहुण्याला सांगा, त्या मावशी पोर्टलँडमध्ये नक्की कुठे राहतात ते कळव. अकरा वर्षं शोधतोय.